यंदाचे चार गेम, आणि ताईचे पैसे

दर डिसेंबरात मी फोनच्या नोट्समध्ये एक यादी करतो. वर्षभरात जे गेम खेळलो, त्यातले आवडलेले. कॉलेजपासूनची सवय आहे. यादी कुणाला दाखवत नाही, पण जुनी उघडली की ते वर्ष आठवतं. तेव्हा कुठल्या खोलीत राहत होतो, कुणाच्या लॅपटॉपवर खेळायचो, कुठल्या पेपरच्या आदल्या रात्री जागलो.

२०२३ची यादी कोरी आहे. त्या वर्षी मी एकच गोष्ट खेळलो, आणि ती लिहायची लाज वाटली.

मे ते नोव्हेंबर २०२३ या सात महिन्यांत मी फोनवरच्या एका रमीच्या अ‍ॅपमध्ये दोन लाख साठ हजार रुपये घालवले. त्यातले एक लाख चौऱ्याऐंशी हजार उधारीचे होते. सुरुवात पन्नास रुपयांनी झाली. पत्ते मला येतात. लहानपणी आजोळी मे महिन्याच्या दुपारी मेंढीकोट, बदाम सात, झब्बू आणि रमी खेळण्यातच जायच्या. कुणी काय टाकलं हे माझ्या लक्षात राहायचं. मामा म्हणायचे, याच्यासमोर बसायचं म्हणजे पत्ते उघडे करून बसायचं. अ‍ॅपवरही पहिले दोन आठवडे मी जिंकत होतो. मग एक रुपया पॉइंटच्या टेबलावरून पाचच्या टेबलावर गेलो, तिथून दहाच्या. दहाच्या टेबलावर पूर्ण हात अडकला तर ८० पॉइंट, म्हणजे आठशे रुपये. चार-पाच मिनिटांचं काम. पगार संपल्यावर क्रेडिट कार्ड, आणि ते भरल्यावर फोनवर झटपट मिळणारं कर्ज.

नोव्हेंबरात वसुलीवाल्यांचा फोन ताईला गेला. कर्ज घेताना संदर्भ म्हणून तिचा नंबर मीच दिला होता. ती रविवारी पहाटेच्या एसटीनं पुण्याला आली, माझ्या खोलीत जमिनीवर बसली आणि माझ्या फोनमधला एकेक व्यवहार वहीत उतरवत गेली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. मंगळवारी तिनं स्वतःची एफडी मोडली आणि सगळी उधारी फेडली. अटी दोन. दर महिन्याच्या एक तारखेला आठ हजार परत. आणि गेम बंद.

‘गेम बंद’ म्हणजे नेमकं काय बंद, हे तेव्हा ना तिनं सांगितलं, ना मी विचारलं. आमच्या घरी रमी, मारिओ आणि पबजी या सगळ्याला एकच शब्द आहे. मी मान डोलावली. मग वर्षभर गेम खेळलो, तिला न सांगता. म्हणून यंदाची यादी ही थोडी कबुली आहे आणि थोडी बाजू मांडणं.

प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन

जानेवारीत हा गेम आला तेव्हा माझ्या रूममेटनं तो त्याच्या पीएस फाइव्हवर घेतला. पहिला हप्ता नुकताच गेला होता आणि महिनाअखेरपर्यंत माझ्याकडे जेमतेम मेसचे पैसे होते. तो ऑफिसला गेला की मी खेळायचो.

लहानपणी सायबर कॅफेत खेळलेला प्रिन्स डोक्यात होता, पण इथला नायक राजपुत्रच नाही. सारगॉन नावाचा योद्धा आहे आणि पळवून नेलेल्या राजपुत्राला सोडवायला तो काफ पर्वतावर जातो. यूबीसॉफ्टच्या माँपेलिए स्टुडिओनं केलेल्या या गेममध्ये पात्रं फारसीत बोलतात असंही सेटिंग आहे. मी तेच ठेवलं. अर्थ कळत नव्हता, पण मधूनच एखादा शब्द आपल्या भाषेत येऊन राहिलेला सापडायचा आणि मजा वाटायची.

सुरुवातीलाच जहांदार नावाचा एक मोठा पशू आडवा येतो. त्याच्याकडून मी सतरा वेळा हरलो. प्रत्येक वेळी काहीतरी कळायचं : शेपटी वर गेली की मागं व्हायचं, झेप घेण्याआधी तो क्षणभर थांबतो, तेव्हा खालून सरकायचं. अठराव्या वेळी तो पडला. रूममेट घरी आला तेव्हा मी सोफ्यावर अंगठे चोळत बसलो होतो. सतरा हारींनंतर माझ्या अंगावर काय राहिलं, तर लाल झालेले दोन अंगठे.

त्या संध्याकाळी मला रमी आठवली. रमी हा प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९६८ साली म्हटलं आहे. मी हरत होतो त्या सात महिन्यांत हे वाक्य मला पाठ होतं. कौशल्य आहे, मला ते येतं, म्हणजे मी पैसे परत मिळवणार. कौशल्य खोटं नव्हतं. पण तिथं एक डाव हरलो की मी पुढच्या डावात शहाणा होऊन बसत नव्हतो, आठशेनं गरीब होऊन बसत होतो. आणि गरीब झालेला माणूस घाईनं खेळतो.

या गेममधली एक छोटी सोय मला फार आवडली. एखादी जागा दिसते, तिथं काहीतरी आहे हेही दिसतं, पण अजून तिथं पोचता येत नाही. अशा वेळी एक बटण दाबलं की त्या जागेचा फोटो नकाशावर चिकटतो. नंतर उडी सुधारली, नवी शक्ती मिळाली, की फोटो बघून परत यायचं. ‘आत्ता जमत नाहीये, नंतर येतो’ असं म्हणून उठायची सवय माझी गेली होती. ती थोडी इथं परत आली.

अ‍ॅनिमल वेल

रात्री अकरा ही माझी वाईट वेळ. वर्षभर याच वेळी मी टेबलावर बसायचो. अ‍ॅप काढून टाकलं तरी मेसेज येत राहिले : तुमच्यासाठी बोनस, फक्त आज रात्री. नंबर ब्लॉक केला की दुसऱ्या नंबरावरून. हात आपोआप उशीखालच्या फोनकडे जायचा.

मे महिन्यात माझ्या सात वर्षं जुन्या लॅपटॉपवर मी अ‍ॅनिमल वेल उतरवला. बिली बासो या एकट्या माणसानं सुमारे सात वर्षं खपून हा गेम केला. त्याचं इंजिनही त्यानंच लिहिलं. आकार ४० एमबीहून कमी. लग्नाच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओ याहून मोठे असतात.

तुम्ही एक गोळ्याएवढा जीव असता. अंधाऱ्या विहिरीसारख्या जगात, पाणी ठिबकतंय, वर कुठंतरी शहामृगासारखा पक्षी मान काढून बघतोय. काय करायचं हे कुणी सांगत नाही. तलवार नाही, बंदूक नाही. हाती लागतात ती खेळणी : साबणाचे फुगे काढायची काडी, यो-यो, फेकायची तबकडी, फटाके. फुग्यावर उभं राहून दरी ओलांडता येते हे मला दुसऱ्या रात्री अपघातानं कळलं, आणि खोलीत एकटाच असताना मी मोठ्यानं ‘अरे!’ म्हणालो.

या गेमला मी हवा आहे असं कधी वाटलं नाही. रोज लॉगिन केल्याचं बक्षीस नाही, कोपऱ्यात उलटं मोजणारं घड्याळ नाही. लॅपटॉप बंद केला की विहीर गप्प. दुसऱ्या रात्री उघडला की जिथं सोडलं तिथंच, भिंतीवरच्या टेलिफोनपाशी. त्या फोनचा रिसीव्हर उचलला की गेम सेव्ह होतो. अकरा ते साडेबारा मी तिथं असायचो. जून संपेपर्यंत बोनसचे मेसेज न वाचता पुसायला लागलो.

त्यात एक कोडं आहे, ते एकट्याला सुटतच नाही. भिंतीवरच्या एका चित्राचे पन्नास तुकडे आहेत आणि प्रत्येक खेळाडूच्या वाट्याला त्यातला एकच येतो. बाकीचे ओळखीपाळखी नसलेल्या लोकांकडून गोळा करायचे. मी तिथं पोचेपर्यंत लोकांनी ते सोडवलंही होतं. तरी माझा तुकडा कुठं बसतो ते मी शोधून काढलं. रमीच्या टेबलावरही अनोळखी माणसंच असायची. त्यांच्याकडे बघायची माझी नजर वेगळी होती.

यूएफओ ५०

आधी ऑगस्ट सांगायला हवा. ऑगस्टमधल्या एका शनिवारी मी ते अ‍ॅप परत उतरवलं. कारण काहीच घडलं नव्हतं. पाऊस होता, रूममेट गावी गेला होता. ओटीपी आला, शंभर रुपये भरले, बारा मिनिटांत गेले. अ‍ॅप काढून टाकलं आणि रात्रभर छताकडे बघत पडलो. एक तारखेला ताईला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आठ हजार शंभर पाठव. शंभर दंड.”

सप्टेंबरात यूएफओ ५० आला. नावाप्रमाणे यात पन्नास गेम आहेत. स्पेलंकी करणाऱ्या डेरेक यू आणि त्याच्या मित्रांनी १९८०च्या दशकातली एक कंपनी कल्पनेनं उभी केली आणि तिनं काढलेले म्हणून हे पन्नास गेम स्वतः लिहिले. प्रत्येकावर साल आहे, १९८२ ते १९८९. जसजशी सालं पुढं जातात तसे गेम सफाईदार होत जातात.

मेनू उघडला आणि मला आमचा टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आठवला. कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं आणि आत खरे गेम सात-आठच. चालली नाही तर कॅसेट काढून फुंकर मारायची. ती फुंकर ताई मारायची, कारण माझ्या फुंकरीनं थुंकी जाते असं तिचं म्हणणं. माझ्या आयुष्यातला पहिला प्लेअर टू तीच. हे मी गेली कित्येक वर्षं विसरलो होतो.

पन्नासातला माझा सगळ्यात आवडता ‘पार्टी हाउस’. आपल्या घरी पार्टी. दार उघडायचं, एक पाहुणा आत येतो. काही पाहुणे पैसे आणतात, काही नाव वाढवतात, काही गोंधळ घालतात. गोंधळ फार वाढला की पोलीस येतात आणि त्या रात्रीची सगळी कमाई जाते. म्हणून प्रत्येक पाहुण्यानंतर एकच प्रश्न : दार अजून एकदा उघडू की आता बंद करू? पंचवीस दिवसांत एकाच पार्टीत चार खास पाहुणे जमले तर जिंकलात.

पहिले काही दिवस माझ्या घरी रोज पोलीस आले. मी दार उघडतच राहायचो. मग लक्षात आलं की घरात कोण आहे, यादीत कोण उरलंय, हे मोजता येतं. दोन दंगेखोर आत बसलेत आणि तिसरा बाहेर शिल्लक आहे, तर आज पुरे. ‘आज पुरे’ म्हणण्याचा सराव मी एका जुनाट दिसणाऱ्या बनावट गेममध्ये केला. हसू येईल, पण सरावाला दुसरी जागा मला सापडली नव्हती.

बॅलाट्रो

हा गेम फेब्रुवारीतच आला होता. पहिल्याच महिन्यात दहा लाख प्रती खपल्या, माझे सगळे मित्र त्याबद्दल बोलत होते आणि मी त्याचे व्हिडिओसुद्धा बघत नव्हतो. कारण त्यात पत्ते आहेत. चिप्स आहेत. हिरवट टेबल, जोकर, ‘ब्लाइंड’ आणि ‘अँटी’ हे पोकरचे शब्द. मला वाटलं, हा माझ्यासाठी नाही. दारू सोडलेल्या माणसानं बारमध्ये लिंबू सरबत प्यायला जाऊ नये.

सप्टेंबरअखेर तो फोनवर आला. दसऱ्याच्या सुमारास मी घेतला. एकदाच पैसे भरायचे. नंतर आत कुठंही पैसे भरायला जागाच नाही. मी खरंच सगळे मेनू उघडून शोधलं.

बॅलाट्रोत समोर कुणी खेळाडू नसतो. ठरावीक चालींत ठरावीक गुण जमवायचे, पहिल्या फेरीत ३००. हातात आठ पत्ते, एका वेळी पाचपर्यंत खाली टाकायचे. राजांची जोडी टाकली तर जोडीचे १०, दोन राजांचे १०-१०, एकूण ३० गुणिले २, म्हणजे ६०. इथवर साधा हिशेब. मग दुकानातून जोकर विकत घ्यायचे, गेममधल्याच डॉलरनी. असे दीडशे जोकर आहेत आणि प्रत्येकजण नियमाला कुठंतरी वाकवतो. एक जोडीला गुण वाढवतो, दुसरा प्रत्येक बदामाला, तिसरा शेजारच्या जोकरची नक्कल करतो. नीट जमलं की साठाचे साठ हजार होतात आणि आकड्यांना ज्वाळा लागतात.

खरं सांगायचं तर पहिल्या रात्री मी घाबरलो. छातीत तीच धडधड, तोंडात तेच ‘अजून एक डाव’. घड्याळात दोन वाजले होते. चांगल्या गेमनं आणि वाईट गेमनं माझ्या डोक्यातली एकच तार छेडली होती. मग मी नियम केला : बॅलाट्रो फक्त बसमध्ये आणि बाहेरच्या खोलीत, रूममेटसमोर. अंथरुणात नाही. तो नियम दोनदा मोडला आहे.

हा गेम करणारा कॅनडातला माणूस लोकलथंक या टोपणनावानं वावरतो. त्यानं जाहीर सांगितलंय की आपल्या मृत्युपत्रात त्यानं लिहून ठेवलंय, बॅलाट्रो कुठल्याही जुगाराच्या कंपनीला किंवा कॅसिनोला कधीही विकायचा नाही, वापरायलाही द्यायचा नाही. आणि याच डिसेंबरात युरोपातल्या पेगी या मानांकन संस्थेनं त्याला १८+ ठरवलेलं दिसलं, कारण काय तर पत्ते आणि पोकर. त्यावर तो उपहासानं म्हणाला की मग मी खरा जुगार आणि लूट बॉक्स घालतो, म्हणजे फुटबॉलच्या गेमसारखं ३+ मिळेल. मी बसमध्ये ते वाचून हसलो, आणि लगेच आठवलं की माझ्या ताईनंही नेमकं पेगीसारखंच केलं होतं.

दिवाळीत घरी गेलो होतो. भाऊबीजेच्या दुपारी मी ओसरीवर खेळत होतो आणि ताई फराळाचं ताट घेऊन मागून आली. स्क्रीनवर बदामाचे पाच पत्ते. ताट खाली ठेवायचा आवाज अजून कानात आहे.

“हे काय आहे?”

“ताई, हे ते नाहीये.”

“पत्ते आहेत ना?”

मी फोन तिच्या हातात दिला. तिनं आधी गेमकडे बघितलंच नाही. यूपीआय उघडायला लावलं, बँकेचे मेसेज बघितले, महिनाभराचे. मग शेजारी बसली.

“पैसे कुठं लावतात यात?”

“कुठंच नाही.”

“आणि हरलास तर?”

“पहिल्यापासून.”

“बस?”

“बस.”

ती विचार करत राहिली. मग म्हणाली, “मग ती रमी का खेळलास रे? हेच खेळायचं होतंस.”

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. आता देतो. बॅलाट्रोत नशीब आहे, भरपूर आहे. प्रिन्समध्ये नशीब जवळजवळ नाही. तेव्हा फरक नशिबात नाही, पत्त्यांत तर नाहीच. यंदाच्या चारही गेममध्ये मी शेकडो वेळा हरलो आणि प्रत्येक हार त्या गेममध्येच राहिली. ती माझ्याबरोबर किराणा दुकानात आली नाही, ताईच्या एफडीपर्यंत गेली नाही. रमीतली हार डावाबरोबर संपायची नाही, म्हणून तिला मिटवायला मी पुढचा डाव मांडायचो. ज्यात हरणं परवडतं त्याला मी आता गेम म्हणतो. त्या अ‍ॅपला काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. या चारही गेमांवर मिळून माझे जेवढे पैसे गेले, तेवढे मी तिथं एका रात्रीत जेवणाआधी घालवलेले आहेत.

यंदाचा सर्वोत्तम गेम म्हणून मोठा पुरस्कार अ‍ॅस्ट्रो बॉटला मिळाला. तो मी खेळलेलो नाही. माझ्या यादीत पहिला बॅलाट्रो, थोडा घाबरतच लिहिलेला. मग अ‍ॅनिमल वेल, यूएफओ ५०, प्रिन्स.

डिसेंबरचा हप्ता गेला. शहाण्णव हजार फिटले, अठ्ठ्याऐंशी हजार राहिले. अकरा महिने.

भाऊबीजेला ताईनं ओवाळणी घेतली नाही. तिनं माझ्या फोनवर बॅलाट्रोचे तीन डाव खेळले आणि तिन्ही हरली. आठवडाभरानं तिच्या फोनवर तिनं तो विकत घेतल्याचा मेसेज आला, आणि खाली लिहिलं होतं की हे हप्त्यातून वजा होणार नाही. परवा रात्री अकराला फोन वाजला. बोनसचा मेसेज असेल म्हणून मी जरा थांबूनच उचलला. स्क्रीनशॉट होता. सहाव्या अँटीत अडकलेली, हातात चार किलवर आणि चार भलतेच पत्ते. ‘यातलं काय टाकू?’